पाहुणा खोली आडवा पडून बघतो

मावशी,

तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली. तुम्हाला शेवटचं बघायला मी आले नाही, ते आधी सांगून टाकते. हॉटेलाच्या लाँड्रीतल्या बाईंनी सकाळीच फोन केला होता, "आपल्या मावशी गेल्या गं. अकराला नेणारेत, मुकुंदवाडीतूनच." मी म्हणाले, हॉटेलात आज लग्नाचं वऱ्हाड उतरतंय, मला निघता येणार नाही. वऱ्हाड उतरणार होतं संध्याकाळी सहाला, आणि माझ्या घरापासून मुकुंदवाडी रिक्षानं पंधरा मिनिटं. अकरा वाजले, साडेअकरा झाले. मी स्वयंपाकघरात उभी राहून निवडलेली मेथी पुन्हा निवडत होते.

तुमच्या हाताखाली आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. फुलंब्रीहून रोज एसटीनं यायची, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा नुकताच हातात पडलेला. मला रिसेप्शनवर उभं राहायचं होतं, कडक साडी नेसून, इंग्रजी बोलत. क्रांती चौकाजवळच्या त्या चाळीस खोल्यांच्या हॉटेलानं मला पाठवलं हाऊसकीपिंगला. चादरी बदलायला आणि संडास घासायला. तुम्ही तिथल्या सगळ्यात जुन्या, चौथी शिकलेल्या. पहिल्या दिवशी मी एक खोली आवरली आणि मोठ्या ऐटीत तुम्हाला बोलावलं. तुम्ही दारातूनच एक नजर टाकली आणि म्हणालात, "झोप त्या पलंगावर." मी म्हणाले, "मावशी, ड्रेस चुरगळेल." "चुरगळू दे. झोप म्हणते ना! आता वर बघ. काय दिसतं?" पंख्याच्या पात्यांवर काळी धूळ होती. कोपऱ्यात जाळं होतं. पडदा वरून दोन आकड्यांतून सुटलेला होता, आणि समोरच्या दिव्याचा उजेड थेट डोळ्यांत येत होता. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या. "पाहुणा खोली आडवा पडून बघतो, पोरी. आपण उभ्यानं साफ करतो. म्हणून त्याला दिसतं ते आपल्याला दिसत नाय."

तुमचा राग मी एकदाच पाहिला. परभणीकडचे एक म्हातारे काका बायकोच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी येऊन राहिले होते. डॉक्टरांनी औषधाच्या थेंबांच्या वेळा वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दिल्या होत्या, आणि मी टेबलावरचं ते वर्तमानपत्र रद्दी समजून टाकून दिलं. काका कॉरिडॉरमध्ये शोधत आले. मी लगेच म्हणाले, "आम्ही काही उचललं नाही हो काका." तुम्ही मागं उभ्या होतात. मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलंत, एक जुनी चादर अंथरलीत आणि दिवसभराच्या कचऱ्याचे डबे तिच्यावर पालथे केलेत. आपण दोघी खाली बसून चहाचा चोथा, केळ्याची सालं, केसांचे गुंते उपसत राहिलो. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि तुम्ही मान वर न करता म्हणताय, "चूक कुणाकडूनबी होती. खोटं बोलायला मात्र तोंड उघडावं लागतं. पाहुण्याशी खोटं बोललीस तर तो परत येत नाय." कागद सापडला, चहानं पिवळा झालेला. तो हातात देऊन तुम्ही मला एकटीला वर पाठवलंत, स्वतः आला नाहीत. मी खरं सांगितलं. काका म्हणाले, "सापडला ना? मग झालं." पुढं कितीतरी वर्षं ते तपासणीला आले की आपल्याकडंच उतरायचे.

दोन वर्षांनी मला रिसेप्शन मिळालं. आठवड्याभरातच उंच टाचांनी माझ्या पायांना फोड आले. कुणाला सांगितलं नव्हतं, पण मी जिना कशी उतरते ते तुम्ही पाहिलं असणार. गुलमंडीवरून सपाट काळे बूट आणलेत. "घाल. काउंटरमागं पाय कोण बघतंय? तोंड हसरं पायजे, अन् पाय दुखत असले तर ते हसत नाय." माझं माप न विचारता आणलेले ते बूट बरोबर बसले. ते झिजेपर्यंत मी वापरले, पण तुमचे नीट आभार मानल्याचं मला आठवत नाही.

मग मी असिस्टंट मॅनेजर झाले आणि काळ बदलला. पाहुणे खोली सोडायच्या आधी मोबाइलवर हॉटेलाला पाचपैकी तारे द्यायला लागले. हॉटेलाच्या शेटनं पुण्याहून एक सल्लागार आणला. त्यानं तीन दिवस हॉटेल पाहून सांगितलं की हाऊसकीपिंग एजन्सीला द्या, सगळे तसंच करतात. शेट मला म्हणाला, "देखो मॅडम, जमाना बदल गया. जुन्या बायांपैकी कोण ठेवायच्या, त्यांची नावं तुम्हीच द्या. तुम्ही त्यांच्यातूनच वर आलात ना." मी नावं लिहिली. त्यात तुमचं नव्हतं. का नव्हतं, ते मी स्वतःलाही कधी धड सांगितलं नाही. तुम्ही भर रिसेप्शनवर, परदेशी पाहुण्यांसमोर, "ए पोरी, दोनशे सातचा नळ गळतोय" अशी हाक मारायचात. मी नव्या मुलींना काही शिकवत असले की मागून "असं नाय गं" म्हणायचात. आणि दर वेळी तुमचंच बरोबर निघायचं.

तुम्ही माझ्या केबिनमध्ये आलात. खुर्ची पुढं केली तरी बसला नाहीत.

"यादी कुणी केली गं?"

"वरून आलीय, मावशी. माझ्या हातात काही नव्हतं."

तुम्ही पुढं केलेली खुर्ची परत जागेवर सरकवलीत. मग म्हणालात, "बरं, मॅडम."

इतक्या वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदाच मॅडम म्हणालात. शेवटच्या दिवशी तुम्ही पूर्ण मजला स्वतः आवरलात. एजन्सीच्या एका मुलीला पलंगावर झोपवून वर काय दिसतं ते विचारत होतात. मी दारावरून गेले, थांबले नाही.

हॉटेल लगेच काही बसलं नाही. हळूहळू उतरलं. मुली दर दोन महिन्यांनी बदलायच्या, त्यांना पाहुण्यांचे चेहरे ओळखायला वेळच मिळायचा नाही. वर्षानुवर्षं येणारे, औषधांच्या कंपनीतले नांदेडचे एक साहेब "मावशी दिसत नाहीत?" असं विचारून गेले, ते परत आले नाहीत. परभणीचे काकाही आले नाहीत. तुम्ही वारल्यावर वर्षभरात मी ते हॉटेल सोडलं.

आता माझं स्वतःचं गेस्ट हाऊस आहे, नऊ खोल्यांचं. बरं चाललंय. बुकिंगचा फोन आला की मी आधी विचारते, लेणी बघायला येताय का? वार कुठला? सोमवारी अजिंठा बंद असतं, मंगळवारी वेरूळ. चुकीच्या दिवशी येणाऱ्याला तारीख बदलायला सांगते, मग त्या दिवशी खोली रिकामी राहिली तरी चालेल. शेजारच्या मंगल कार्यालयात लग्न असेल तर बँड वाजणार हे आधीच सांगते. इंटरनेटवर खोलीचे फोटो आहेत तसे टाकते, भिंतीवरच्या ओलीसकट. पहाटे निघणाऱ्यांना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देते. आणि नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी पलंगावर झोपवते. लोक पुन्हा येतात, मावशी. येताना दुसऱ्यांनाही घेऊन येतात.

म्हणूनच गेल्या महिन्यात एका कॉलेजानं मला भाषणाला बोलावलं. विषय होता हॉटेल व्यवसायातले नवे प्रवाह आणि यशस्वी होण्याचे उपाय. मी स्लाइड्स केल्या. एजन्सीला काय द्यावं, काय देऊ नये, वाईट अभिप्रायाला उत्तर कसं लिहावं, जुना पाहुणा कसा टिकवावा, सगळं सांगितलं. पलंगाचं सांगितलं तेव्हा पोरं हसली, मग वह्या उघडून लिहायला लागली. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. माझ्यासारखीच कुठल्या तरी गावाहून रोज येणारी असावी, भाषणभर तिनं बॅग मांडीवरून खाली ठेवलीच नव्हती. तिनं विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

माइक माझ्या हातात होता. मी म्हणाले, "अनुभवानं."

टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी शाल दिली. घरी येऊन मी हे लिहायला बसले, ते आज पुरं होतंय. तुमची लेक अजून मुकुंदवाडीतच राहते, स्टेशनच्या अलीकडं. हे तिच्या हाती द्यावं असं दोनदा वाटलं. पण ती वाचेल, आणि यादीपाशी येऊन थांबेल, आणि मला विचारेल. तिला तरी मी खरं सांगेन का, याची मला खात्री नाही. म्हणून ते इथंच लिहिते, आणि कागद माझ्याकडंच ठेवते. शेटनं ठेवायच्या बायांची पाच नावं मागितली होती, मावशी. चार लिहून झाल्यावर पाचवं तुमच्याशिवाय दुसरं कुणाचं सुचेना. मी ती ओळ कोरीच सोडली.