टेम्पोतले तिघे

शुक्रवार, ९ जानेवारी
वरवंडची सभा पेटवली! विषय ठरलेला – कारखान्यांत आधी भूमिपुत्र. पंचायत समितीचं तिकीट आता जवळजवळ माझंच. तालुकाध्यक्ष हौसराव आप्पा म्हणाले, "राजनंदिनी, माइक वितळायचाच राहिला बग!"
घरी आल्यावर कळलं – खुटबाव फाट्याजवळ टेम्पो उलटला. बिहारचे तीन कामगार जागीच गेले.

११ जानेवारी
गावाचा सूर बघावा! परवापर्यंत 'ही गर्दी हटवा', आज दोन्ही पक्षांच्या फ्लेक्सवर 'आमचे श्रमिक बांधव'. तिघांचे फोटो अंगठ्याएवढे, नेत्यांचे ताटाएवढे. आप्पांचा फोन – "आठवडाभर भूमिपुत्र बंद. आता माणुसकी!"
"आप्पा, माझं मत म्हंजी काय फ्लेक्स हाय का, उतरवून दुसरं लावायला?"
हसत सुटले. मीही.
टपरीवर मात्र वेगळंच: "पिऊन हुंदडायला निघालं व्हतं. दुसरं काय व्हणार?"

१२ जानेवारी
घसा पूर्ण बसला. हळद-दूध. बोलायचं नाही म्हणजे शिक्षाच!

१४ जानेवारी
दशक्रियेवरून रस्सीखेच! प्रेतं कधीच बिहारला गेली, नातलग तिकडे, आणि आमचे दोन्ही पक्ष इथल्या घाटावर दहावा घालणार. आपल्याकडे श्रद्धांजलीची भाषणं झाल्याशिवाय माणूस गेल्यासारखा वाटतच नाही. शेवटी तडजोड – मांडव त्यांचा, माइक आमचा. बोलणार मी.

१६ जानेवारी
टेम्पोतून वाचलेला लल्लन दारात. हात गळ्यात बांधलेला. गेलेल्यांत त्याचा थोरला भाऊ.
"दीदी, भइया दारू छूता तक नहीं था. मुकादम बोला, कुर्सी भरनी है, खाना मिलेगा. हम आप ही की सभा में आ रहे थे. सबको बता दीजिए."
माझ्या सभेला! परप्रांतीयांविरुद्धच्या भाषणाला गर्दी म्हणून परप्रांतीय! स्थलांतरावर कपाटभर पुस्तकं वाचलीत मी. हे कुठल्याच पानावर नव्हतं.
आप्पांना गाठलं. "व्हय, गाडी आपुनच लावली व्हती. पर माइकवर बोललीस तर तिकीट गेलं म्हनून समज."
जाऊ दे! लल्लनला शब्द दिला – सगळ्यांसमोर सांगेन.

१८ जानेवारी
बोलले. बायका रडल्या, विरोधकांनीही डोळे पुसले. तिकीट माझं.
लल्लन गावाकडच्या आईसाठी मोबाईल वर धरून उभा होता – एका हाताने, शेवटपर्यंत.
तेवढं एक सोडून मी सगळं बोलले.