जोनचं माहेर

१२ ऑक्टोबर २००६, हर्नडन

जोनची कागदपत्रं आवरायला घेतली. ती जाऊन दहा महिने झाले, आता टाळण्यात अर्थ नाही. जुने पासपोर्ट, नर्सिंगचं लायसन्स, तळाशी जन्मदाखला. गाव स्केलफर्थ. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हे नाव दोनदा ऐकलं असेल. लीड्सच्या हॉस्पिटलात आमचं जुळलं, लग्नाचं ठरायला लागलं, तेव्हा म्हणाली होती, "माझं कोणी उरलं नाही." मी समजलो, युद्धात गेले असतील. पुढे विचारलं नाही. ड्यूट्या, परीक्षा, मग अमेरिका.

साताऱ्याला पहिल्यांदा नेली तेव्हा आईनं मावशीला पुढे केलं होतं. "हिला माहेर नाही, तू हो." मावशीनं ओटी भरली. जोन रडली. आम्हाला वाटलं, नवलाईनं.

२८ ऑक्टोबर

इथल्या एका चर्चच्या लायब्ररीत इंग्लंडमधल्या खेड्यांच्या रजिस्टरांच्या फिल्म मागवता येतात. तीन तास मशीनपुढे. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. अक्षर आम्हा डॉक्टरांपेक्षा बरं. जोनचे पणजोबा सापडले, शेतमजूर. सहीच्या जागी फुली. उगाच आनंद झाला. पण फिल्म १९०० ला संपते. पुढच्या वह्या गावातच. तिथल्या चर्चला पत्र टाकलं.

नीलाचा फोन. "व्हॉट आर यू लुकिंग फॉर, बाबा?" लेकीला पणजोबांची फुली सांगितली.

१८ नोव्हेंबर

उत्तर आलं. मिस हॉलिस म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत, चर्चच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. ईमेल करतात. जोनचा बाप्तिस्मा मिळाला. वडील सुतार. आणि पुढे सहज लिहावं तसं: वडिलांचं दफन १९७१, आईचं १९८६.

शहाऐंशी. त्याआधी किती वेळा भारतात जाताना लंडनला उतरलो. एकदा तर चार दिवस राहिलो, नीलाला राणीचा वाडा दाखवला. आगगाडीनं तीन तासांवर हिची आई होती.

१९ नोव्हेंबर

राग येतोय. मेलेल्या माणसावर रागवायचं म्हणजे... जेवलो नाही.

६ डिसेंबर

जाड पाकीट. त्यांच्याकडे लग्नाआधी तीन रविवार भर चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात, कोणाची हरकत असेल तर बोला म्हणून. त्याची वेगळी वही असते. तिच्या एका पानाची झेरॉक्स. जून १९६४. जोनचं नाव, आणि शेजारी माझं. व्हिनाईक. आडनावाची तर पार वाट लावलेली. पहिला रविवार, पाद्र्याची सही. दुसरा रविवार, समासात: वधूच्या पित्याने हरकत घेतली, वधू अज्ञान. तिसरा रविवार कोरा.

तेव्हा एकवीस पूर्ण नसतील तर बापाची संमती लागे. ती वीस वर्षांची होती. मैत्रिणीकडे म्हणून सुट्टीवर गेली आणि चार दिवस आधीच परत आली. म्हणाली, "लग्न कचेरीतच करू. पण माझ्या वाढदिवसानंतर." मला वाटलं, हौस. नोव्हेंबरात केलं.

मी न पाहिलेल्या गावात, दोन रविवार, माझं नाव मोठ्यानं वाचलं गेलं. मला पत्ता नाही.

१० डिसेंबर

नीला आली. पान दोनदा वाचलं. मग, "शी वॉज प्रोटेक्टिंग यू, बाबा."

"एक्केचाळीस वर्षं?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

खरं आहे. पेशंटला खोदून खोदून विचारायचो.

१४ जानेवारी २००७

हॉलिसबाईंची मेल. जोनची धाकटी बहीण आहे, ईडिथ, शेजारच्या गावात. तिला माझ्या चौकशीचं कळवलं तर तिचा पहिला प्रश्न, जोन कशी आहे. बाई लिहितात: मी तिला सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगावं.

२० जानेवारी

सकाळी नऊला फोन लावला, तिकडे दुपारचे दोन. आवाज जोनचाच, थोडा जाड. नाव सांगितलं. मग सांगितलं.

"मला वाटलं, ती तुमच्याबरोबर येईल," एवढंच.

मग बोलली. त्या रविवारी ती आईशेजारीच बसली होती, सतरा वर्षांची. वडील उठले तेव्हा आईनं त्यांचा कोट धरून खाली ओढलं. ते बसले नाहीत. जोन त्याच दुपारी गेली. पत्रं यायची, वडील न फोडता परत पाठवायचे, पुढे यायचीही थांबली. ते गेल्यावर आईनं लीड्सला पत्र घातलं. तेही परत. आम्ही तोवर अमेरिकेत.

म्हणजे वडील गेल्याचं जोनला कधी कळलंच नाही.

१७ फेब्रुवारी

ईडिथचं पत्र. आईवडिलांच्या थडग्याच्या दगडावर आईच्या नावाखाली दोन ओळींची जागा आहे. आईनंच सोडायला लावली होती. तिथे जोनचं नाव घालू का? नवरा म्हणून तुमची संमती हवी.

नीलाला फोनवर वाचून दाखवलं. तिचा आवाज चढला. "त्या माणसाच्या खाली? नो. त्यानं तिला हाकलली."

"आईच्याही खाली आहे ती जागा."

"बाबा, आईला काय हवं होतं?"

माहीत नाही. पत्रं लिहायची, म्हणजे माहेर तुटू द्यायचं नव्हतं. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, म्हणजे तुटलं ते तुटलं. दोन्ही तीच.

३ मार्च

चर्चचा फॉर्म आला. मृताशी नातं, ते भरलं. दगडावर कोरायचा मजकूर, तिथे अडलो. नुसतं जोन? बापाचं आडनाव, की माझं? ईडिथला फोन केला. म्हणाली, "घाई नाही. आधी या. चहा घेऊ, मग ठरवू."

नीलाला हे सांगितलं. ती मराठीत म्हणाली, "मी पण येते. नाव द्यायला नाही. बघायला."

मेमधली दोन तिकिटं काढली. मजकुराचा रकाना कोराच आहे.