धक्क्यावरची सहा नावं

१ डिसेंबर, सोमवार
आमदार येणार शाळेत. बारा तारखेला. प्रार्थना संपल्यावर मोठ्या सरांनी जाहीर केलं आणि लगेच मला केबिनमध्ये बोलावलं. मुख्यमंत्री मी, म्हणजे शालेय मंत्रिमंडळाची. सर गमतीत "या मुख्यमंत्री" म्हणतात, शिपाईकाका पण म्हणतात. मला आवडतं, खोटं कशाला बोलू.
आपल्या मंत्रिमंडळाने साहेबांना प्रश्न विचारायचे, साहेब आपल्याला नेतृत्व शिकवणार. असा कार्यक्रम.
दर्शना उपमुख्यमंत्री. माझ्यापेक्षा चार मतं कमी पडली. तरी पोरं ऐकतात तिचंच. हे मला अजून पचलेलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार
मीटिंग. साहेबांकडे काय मागायचं?
मी म्हटलं कॉम्प्युटर. दर्शना म्हणाली धक्क्याला पायऱ्या. ती खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली. तिकडची पस्तीस-चाळीस पोरं रोज होडीने येतात. ओहोटीला होडी खालीच थांबते, मग धक्क्याच्या शेवाळलेल्या दगडांवरून चढायचं. गेल्या महिन्यात सातवीतली एक पडली, हात मोडला.
मत घेतलं. पायऱ्या जिंकल्या. म्हणजे पुन्हा तीच जिंकली.
निवेदन मात्र मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं. द.चं अक्षर म्हणजे सुका जवळा सांडल्यासारखं. तोंडावर बोलले तिच्या. ती हसली. तिला राग येत नाही, त्याचाच मला येतो.

९ डिसेंबर, मंगळवार
रंगीत तालीम. सर साहेबांच्या खुर्चीत. प्रश्न सरांनीच लिहून दिलेत. "आपल्या यशाचं रहस्य काय?" वगैरे.
द.ने विचारलं, "सर, निवेदन कधी द्यायचं?"
सर म्हणाले, "साहेबांचा मूड बघून."

१२ डिसेंबर, शुक्रवार
सगळं लिहिते. क्रमाने.
साहेब दोन तास उशिरा. पाचवी-सहावीची पोरं उन्हात बसून सुकली. शाल, नारळ, यशाचं रहस्य, सगळं पार पडलं. मग निवेदन दिलं. त्यांनी खरंच वाचलं. "अक्षर कुणाचं?" म्हणाले. मी उभी राहिले. "मोत्यासारखं आहे." मी हरभऱ्याच्या झाडावर.
तिथूनच कुठल्यातरी इंजिनीअरला फोन लावला, स्पीकरवर. "पायऱ्या करायच्यात. मुलांचा प्रश्न आहे. मला कारणं नकोत." दोन मिनिटांत पायऱ्या मंजूर. टाळ्या थांबेनात. द. तर रडायलाच आली होती.
मग म्हणाले, "आता शिका. मागणं सोपं असतं. कामाला जागा लागते. धक्क्यावर कोण बसतं?"
मागून कुणीतरी ओरडलं, "सुकटवाल्या."
"नावं?"
साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "ज्याला गाव पाठ नाही तो कसला नेता? काय मुख्यमंत्री?"
मला पाठ आहेत. लहानपणापासून आईबरोबर तिथेच सुकट घ्यायला जाते. सुरू केलं. हिराबाय. नानीबाय. तिसऱ्या नावाला द.ने माझी ओढणी ओढली. तेव्हाच मला कळलं, नावं कशाला हवीत ते. नंतर कळलं असं इथे तरी लिहिणार नाही. पण साहेब एकेका नावाला मान डोलवत होते आणि त्यांचा पीए लिहून घेत होता. मला थांबता आलं नाही. थांबायचं नव्हतं, असंच लिहायला पाहिजे.
सहावं नाव लक्ष्मीबाय. द.ची आई. नवऱ्याच्या नावासकट सांगितलं.
"ही इथे कुणाची आई आहे का?"
द. उभी राहिली.
"वा. म्हणजे मागणी पण घरची आणि अडचण पण घरची." अख्खा हॉल हसला. सर हसले. मीसुद्धा हसले.
"बस बाळ. आईला सांग, तुझ्याच पायऱ्यांसाठी उठायचंय."
जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, हिच्यात दम आहे.

१३ डिसेंबर, शनिवार
बाबा ग्रामपंचायतीत क्लार्क आहेत, त्यांच्याकडे सगळं आधीच पोचलं होतं. जेवताना म्हणाले, "नावं कशाला सांगितलीस?"
"त्यांनी विचारली म्हणून."
"पाच वर्षांपासून त्या बायकांना उठवायचं चाललंय. साहेबांना नावं ठाऊक नव्हती असं वाटलं तुला?"
"मग विचारली कशाला?"
बाबा म्हणाले, "आता गावात म्हणतील, शाळेच्या पोरांनीच सांगितलं. साहेबांचं काय त्यात?" मग भात वाढून घेतला. आईला म्हणाले, कालवण खारट झालंय.

१८ डिसेंबर, गुरुवार
सहा नोटिसा आल्या. चार दिवसांत जागा मोकळी करा. कारण, विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी.
द. माझ्या बाकावर बसत नाही. दोन बाकं मागे बसली. मी पण वळून बघितलं नाही. म्हटलं बघू कोण आधी बोलतं.

२२ डिसेंबर, सोमवार
उठवलं. जेसीबी आणला होता, सहा बायकांना. बांबू, ताडपत्र्या, फळ्या ट्रॉलीत भरल्या. नानीबाय शिव्या देत होती. लक्ष्मीबाय खाली पडलेले बोंबील वेचत बसली. आम्हाला मधली सुट्टी होती, निम्मी शाळा कंपाउंडवर चढून बघत होती.
आठवीतला एक जण द.ला म्हणाला, "आता तुझी आई पायरीवर बसेल." पोरं हसली. त्याला गप्प बस म्हणणं माझं काम होतं. मुख्यमंत्री ना मी. मी डब्याचं झाकण लावत बसले.

२४ डिसेंबर, बुधवार
द. आली नाही. कालही नव्हती.
मी काय केलं? मला प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. पायऱ्या तिलाच पाहिजे होत्या. मी कॉम्प्युटर म्हणत होते, ते

पुढे लिहिवत नाही.

२७ डिसेंबर, शनिवार
अलिबाग. साहेबांचं शिबिर. 'निवडक विद्यार्थी नेते' म्हणून तालुक्यातून आम्ही तिघं, जिल्ह्यातून तीसेक. एसी हॉल, बटाटेवडा, डायरी भेट. (ही ती नाही. ती जाड आहे, तिच्यात खरं लिहिवणार नाही.)
साहेब तासभर बोलले. त्यातलं एक वाक्य सगळ्यांनी उतरवून घेतलं, मी तर खाली रेघ पण मारली. "आपल्यामुळे ज्याचं नुकसान होतं त्याला मागे बसवू नका. मागचा बोलतो. त्याला पहिल्या रांगेत बसवा, साडी द्या, फोटो काढा. साडी हातात धरून कुणी शिव्या देत नाही."
नंतर मला बाजूला घेतलं. सहा तारखेला पायऱ्यांचं भूमिपूजन, धक्क्यावरच. सूत्रसंचालन माझं. "त्या सहाही जणी पुढे बसलेल्या पाहिजेत. ती लक्ष्मीबाय तर पाहिजेच. आणायचं तुझ्याकडे लागलं."
मी हो म्हटलं. खरं तर छान वाटलं, माझ्यावर काम सोपवलं म्हणून. किती नालायक आहे मी.

२ जानेवारी, शुक्रवार
खाडीपलीकडे गेले. पाचवीपासून पलीकडच्या पोरांबरोबर शिकते, त्यांच्या होडीत आज पहिल्यांदा बसले. ओहोटी होती. दगडांवरून उतरताना सपशेल घसरले, गुडघा सोलला. होडीवाला म्हणाला, "सवय न्हाय तुला."
द. अंगणात पाटी भरत होती. सुकट, बोंबील, वाकट्या. आता दोघी दारोदार फिरतात. लक्ष्मीबायचे गुडघे गेलेत, जड पाटी द.च्या डोक्यावर.
लक्ष्मीबायने आधी माझ्या गुडघ्याला हळद लावली. मग चहा दिला. म्हणाली, "नोटिशीत माझं पुरं नाव आलंय बघ. तूच सांगितलंस नं? आजवर कागदावर कुनी पुरं नाव लिवलं नव्हतं."
टोमणा मारला की खरंच म्हणाली, कळलं नाही.
साडीचं सांगितलं, पहिल्या रांगेचं सांगितलं. तोंड वर करून सांगितलं सगळं.
द.ला म्हटलं, "पूर्वपरीक्षा जवळ आली."
"म्हाईत हाय. बसणार न्हाय मी."
"अगं, एवढ्यावरून दहावी सोडतेस?"
"मी सोडत न्हाय. आयेची पाटी तू उचलतेस का रोज?"
परत पाटी भरायला लागली. मी निघाले तेव्हा म्हणाली, "आम्ही येऊ. सहाही जणींना घेऊन येते. पण माईक माझ्या हातात द्यायचा. दोन मिनिटं."
"काय बोलणार?"
"नावं घेताना तू मला विचारलं होतंस?"
मी बघू म्हटलं. बघू न्हाय, हो म्हण, म्हणाली. मी हो म्हटलं. आजकाल मी सगळ्यांनाच हो म्हणते.

५ जानेवारी, सोमवार
साहेबांच्या पीएचा फोन. सहा जणी नक्की ना? नक्की, म्हटलं. शाबास म्हणाला.
मोठ्या सरांनी बोलणाऱ्यांची यादी मागितली. प्रास्ताविक सर, विद्यार्थी मनोगत मी, मग साहेब, मग आभार. द.चं नाव टाकू का, असं चाचपत विचारलं. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.
"यादीबाहेर एक शब्द जरी कुणी बोललं तर जबाबदार तू. दहावीचे अंतर्गत गुण माझ्या सहीने जातात, एवढं लक्षात असू दे."
घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "तू दिला शब्द, तू निस्तर." बाबा म्हणाले, "माईक बंद पडतात बऱ्याचदा." दोघं असं बोलून टीव्ही बघायला लागले.
चिठ्ठी लिहिली द.ला, येऊ नकोस म्हणून. पलीकडच्या पोरांपैकी कुणाकडे तरी द्यायची होती. दिली नाही. ती आली नाही तर साहेब मला विचारतील. आली तर सर. मला अजून माझंच पडलंय.

६ जानेवारी, मंगळवार. धक्का, पावणेदहा
मांडवाच्या मागे बसून लिहिते.
सहाही आल्या. पहिल्या रांगेत बसल्यात, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत साडी. नानीबायसुद्धा गप्प. साहेब शिकवतात ते खोटं नसतं. फोटोवाल्याने हसा म्हटल्यावर लक्ष्मीबाय हसलीसुद्धा.
फटाके वाजले, म्हणजे साहेबांची गाडी आली. सर मला हाका मारतायत.
द. शाळेच्या गणवेशात आली आहे. तिच्यासाठी आईशेजारी खुर्ची ठेवली होती, तिच्यावर ती बसलेली नाही. माईकच्या स्टँडजवळ उभी आहे, हातात कागद वगैरे काही नाही, आणि मी मांडवाच्या कुठल्या बाजूने येते ते बघते आहे.