पुढे एक, मागे दोन

दि. १७, गुरुवार
दुपारचा सव्वा वाजला आहे.

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. मी ठीक आहे, तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते. पायांना सूज नाही, पोट जागेवर आहे, चष्मा फुटलेला नाही. हवा कोरडी आणि गार आहे. इथली माणसं वेळेवर येतात आणि हळू बोलतात, त्यामुळे मला अजून कुणावर ओरडावं लागलेलं नाही.

माझं अक्षर पाहून तुम्ही पाकीट दोनदा उलटसुलट केलं असेल. बावीस वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही. लग्नकार्यात समोरासमोर आलो की "बरं आहे ना?" "बरं आहे," एवढ्यावर आपण दोघींनी भागवलं. म्हणून आधीच सांगते, कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. बातमी आनंदाची आहे. आज सकाळी मी जिंकले, आणि ते नेमकं काय जिंकले हे कळेल असं माणूस मला तुमच्याशिवाय दुसरं नाही.

मी एकटी परदेशात आले हे तुमच्या भाचीने सांगितलं असेलच. "आई, चौसष्टाव्या वर्षी एकटीने कसली जातेस? सहलवाल्यांबरोबर जा, त्यांचा माणूस पुढे झेंडा घेऊन चालतो," म्हणाली. मी म्हटलं, "बत्तीस वर्षं शाळेच्या सहलीत तो झेंडा माझ्या हातात होता. आता दुसऱ्याच्या झेंड्यामागे चालायला मला जमायचं नाही." आठ दिवस झाले. दोनदा चुकीच्या बसमध्ये बसले, दोन्ही वेळा विचारत विचारत परत आले. आज शेवटचा दिवस. विमान साडेसातचं. बॅग भरून, तिच्यावर बसून चेन लावून झाली आहे. खोलीतलं टेबल ताटाएवढं आहे, पण पत्राला पुरतं.

गणवेशांचा विषय मी काढणार नाही. हे पत्र त्यासाठी नाही.

इथे कपड्यांचं एक वस्तुसंग्रहालय आहे. आपल्या शिवणशाळेच्या कपाटात चित्रांचं जाड पुस्तक होतं, आठवतं? मधल्या सुट्टीत डबा खाता खाता आपण ते चाळायचो, आणि एकदा तुम्ही पानाला तेलकट बोट लावलंत म्हणून मी तुम्हाला सुट्टी संपेपर्यंत बोलत होते. त्यातले निम्मे कपडे इथले आहेत. मी या शहरात आले ती त्यासाठी. बाकी लोक काय मनोरे आणि पूल बघायचे ते बघोत.

दुसऱ्याच दिवशी गेले. एका काचेच्या पेटीत शंभर वर्षांपूर्वीचा जाड कोट होता, घरोघर पत्रं वाटणाऱ्या एका बाईचा. मी आधी बाह्या पाहिल्या. कोपराला ठिगळं होती, फार सुबक, पण ती पुढच्या बाजूला होती. वन्सं, कोपर पुढे कुणाला असतो? बाजूला पाटी होती: "बाई पत्रांची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरत असे, म्हणून बाह्या पुढून झिजल्या." म्हणजे एक चूक सांभाळायला केवढी विद्वत्ता! मला सरळ दिसत होतं की कधीतरी दुरुस्तीसाठी बाह्या उसवल्या आणि परत लावताना डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे झाली.

मी पेटीसमोर इतका वेळ उभी राहिले की पहारेकरी जवळ आला. दारासारखा रुंद माणूस, मी मनातल्या मनात त्याला 'दरवाजा' म्हणते. त्याला सांगितलं, तुमच्या मोठ्या बाईंना बोलवा. जुने कपडे जतन करणाऱ्या विभागाच्या प्रमुख बाई आल्या. उंच, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा. आमच्या दोघींची सामाईक भाषा एकच, आणि ती दोघींनाही अर्धीच येते, म्हणून वाद फार लांबला नाही.

"या कोटाचा आमच्या तज्ज्ञांनी तीस वर्षं अभ्यास केला आहे," त्या म्हणाल्या.

"तीस वर्षांत कुणी त्यात हात घालून पाहिला का?"

"तुम्ही कुठल्या विद्यापीठात शिकवता?"

"शिवणशाळेत शिकवत होते."

"अच्छा," म्हणून त्या हसल्या आणि गेल्या.

ते हसू मला ओळखीचं वाटलं. कुठे पाहिलं होतं ते आठवेना. म्हणजे आठवलं, पण मी बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.

संध्याकाळी कागदाच्या दुकानातून जाड तपकिरी कागद, टाचण्या आणि कात्री घेतली. कात्री कसली, मुलांना कागदाची फुलं करायला देतात तसली. पलंगावर कागद पसरून दोन बाह्या बेतल्या, एक डावी, एक उजवी. दुसऱ्या दिवशी 'दरवाजा'ला म्हटलं, "डावा हात पुढे करा." त्याच्या डाव्या खांद्याला मी उजवी बाही टाचली. "आता हात वर." त्याने हात उचलला आणि कागद पाठीमागून टर्रकन फाटला. मग डावी टाचली. "वर." हात सरळ डोक्यापर्यंत गेला, कागदाला सुरकुती नाही. त्याने तो हात चार वेळा वरखाली केला, लहान मूल करतं तसा. आजूबाजूच्या दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो स्वतःच आत गेला आणि मोठ्या बाईंना घेऊन आला. त्यांनी फाटका कागद हातात धरून पाहिला. हसल्या नाहीत. "गुरुवारी सकाळी दहाला या," एवढंच म्हणाल्या.

तो गुरुवार आज.

मी दहाला दहा कमी असताना हजर. आतल्या खोलीत लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर तो कोट, आणि भोवती हातमोजे घातलेली चार माणसं. बाईंनी खांद्यापाशी अस्तराची शिवण चार बोटं उसवली. इतक्या हलक्या हाताने की मी मनात पैकीच्या पैकी गुण दिले. आत दोन वेगळे दोरे दिसले, जुना मेणाचा जाड आणि नंतरचा सुती. आणि बाही जोडतात त्या मुंढ्याच्या कडेला खाचा होत्या. वन्सं, खाचा! आपण मुलींना पहिल्या दिवशी शिकवायचो त्याच. पुढे एक, मागे दोन. मुंढ्यालाही तशा, बाहीलाही तशा. एकीवर एक आली, दोहोंवर दोन आल्या की बाही बरोबर. आणि इथे मुंढ्याच्या एका खाचेसमोर बाहीच्या दोन खाचा उभ्या होत्या. मी बोट दाखवलं.

बाईंनी चष्मा काढला. "मी चुकले," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर होतं."

हाताखालच्या चौघांसमोर. मग चष्मा परत लावला, पाटी बदलायची म्हणून एकाला लिहून घ्यायला सांगितलं आणि मला विचारलं, "कॉफी घेणार?"

वन्सं, एवढंच. एवढंच असतं ते. मला वाटलं होतं आता त्यांचा चेहरा उतरेल, ती चौघं एकमेकांकडे बघतील, काहीतरी पडेल, फुटेल. काही झालं नाही. मी कॉफी घेतली.

तेव्हा गणवेशांचा विषय निघालाच आहे तर आता काढते.

क्रीडासंमेलनासाठी मुलींच्या वाद्यपथकाचे चाळीस कोट होते. कापड मी बेतलं. कापडाला उलट-सुलट बाजू होती. थर लावताना प्रत्येक थर सुलटा वर ठेवला, एकाआड एक फिरवायचा विसरले, आणि ऐंशीच्या ऐंशी बाह्या उजव्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात एक बाही उचललीत, दुसरी उचललीत, आणि म्हणालात, "वहिनी, सगळ्या उजव्याच आहेत. पुढे एक, मागे दोन, मग डाव्या कुठायत?"

मुली खुदखुदल्या. मी म्हटलं, "शाळेत मला बाई म्हणायचं. आणि आधी कापड बघायला शिका." आणि हसले. ते हसू मी गेल्या आठवड्यात दुसरीच्या तोंडावर पाहिलं.

मग माझंच खरं करण्यासाठी त्याच बाह्या शिवायला लावल्या. मैदानात चाळीस मुलींनी दोन्ही हात वर केले आणि डाव्या हाताच्या चाळीस बाह्या पाठीमागून उसवल्या. संस्थेच्या चिटणीसांनी विचारलं, बेतलं कुणी? मी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही शेजारीच उभ्या होतात. माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि टाचण्या घेऊन मुलींकडे गेलात. सोमवारी तुमचा राजीनामा आला. जिच्या हातात माझ्याहून चांगली कात्री होती, ती घरी बसून लोकांच्या विजारी आखूड करत राहिली. तुमच्या दादाने मला एकदाच विचारलं, "नक्की कुणी बेतलं होतं गं?" मी म्हटलं, "शाळेचं शाळेत." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शेवटपर्यंत नाही.

त्या दिवसापासून मी कुठलाही कपडा पाहिला की आधी बाही पाहते. देवाण्णा शिंप्याच्या दुकानातला असो नाहीतर काचेच्या पेटीतला. इथल्या कोटातली चूक मी नाही ओळखली, वन्सं. तुम्ही दाखवलेलं मी बावीस वर्षांनी पाहिलं.

मी चुकले. तुमचं बरोबर होतं.

बघा, लिहून झालं. छप्पर जागेवर आहे.

निघताना बाईंनी कागद पुढे केला. नव्या पाटीवर ही चूक कुणी दाखवली त्याची नोंद करतात. मी माझं नाव लिहिलं. वर थोडी जागा होती. तिथे तुमचं लिहिलं, पूर्ण, वळणदार.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"माझी नणंद. तिने मला हे आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"मग?"

"मग चाळीस बाह्या फाटल्या."

त्या मोठ्याने हसल्या. मीही हसले. 'दरवाजा'ला काही कळलं नव्हतं, पण तोही हसला आणि जाता जाता डावा हात पार डोक्यापर्यंत उंच करून मला निरोप दिला. रस्त्यावर आले तर पाऊल असं पडत होतं की एका कुत्रेवाल्या बाईने बाजूला होऊन वाट दिली.

संस्थेला वेगळं पत्र लिहिलं आहे. तुमच्या नोंदीतला 'निष्काळजीपणा' हा शेरा माझ्या नावापुढे घालावा असं त्यात आहे. प्रत सोबत जोडते.

पोस्टातली मुलगी म्हणते, पत्र पोचायला दहा दिवस लागतील. मी उद्या दुपारी उतरते. म्हणजे तुम्ही हे वाचाल त्याच्या आधी मला हे सगळं तुमच्या दारात उभं राहून, तोंडाने बोलावं लागणार. घरी न जाता बॅगेसकट सरळ तुमच्याकडे येणार आहे. स्वतःचा मला पूर्ण भरवसा नाही, म्हणून हे पत्र आधी पेटीत टाकते आणि मगच विमानतळाची बस धरते. एकदा पेटीत पडलं की मला मागे फिरता येणार नाही.

पत्र हातात पडलं तेव्हा मी येऊन गेलेली असेन, तर ते कपाटात टाका. आले नसेन, तर पाकीट घेऊन माझ्या घरी या आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा.

त्या चाळीस कोटांचं कापड बेतणारी,
तुमची वहिनी