‘नंतर’चं बटण गेलं तेव्हा

चि. छकुलीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. (ऑफिसात तुझ्या हाताखाली ढीगभर माणसं असतील, पत्रात तू छकुलीच.) पाठदुखी कशी आहे? इकडे सगळे मजेत. माझे डोळे तेवढे कुरकुरतात. कॉम्प्युटरवरची चित्रं हल्ली गोलसर दिसतात, चष्म्याचा नंबर वाढला असणार. फोनच केला असता, पण दुकानात तुझी वहिनी कान देऊन बसलेली असते.

तर, कॉम्प्युटरची सिस्टिम अपग्रेड करावी का, यावर मी पूर्ण विचार केला असून उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे. पाट्यांची अक्षरं कापणारं आपलं मशीन जुन्या सिस्टिमचंच ऐकतं. नवी आली आणि त्याने मान फिरवली, तर दुकानाला कुलूप. वहिनी म्हणते, करून तर बघू. करून बघायला ती काय भाजी आहे?

कॉम्प्युटर रोज सकाळी विचारायचा, आता की नंतर? मी ‘नंतर’ दाबायचो. आमचं छान चाललं होतं. एके दिवशी ‘नंतर’ गायब, नुसतं ‘आता’ उरलं. मी डगमगलो नाही. तो चौकोन उजव्या कोपऱ्यात ढकलला आणि पडद्यावर तिथेच काळ्या स्टिकरचा तुकडा चिकटवून टाकला. तेव्हापासून कॉम्प्युटर बंद म्हणून करत नाही, न जाणो स्वतःच ‘आता’ दाबून घ्यायचा. अडचण एवढीच, की लांब नावांची शेपटी स्टिकरखाली जाते, म्हणून आखूड नावांची गिऱ्हाइकं घेतो. (एका वकिलांना आडनाव निम्मं करा असं सुचवून पाहिलं. ते उठून गेले.) परवा दातांचे डॉक्टर आले, तर त्यांच्या पदव्या नेमक्या त्याच कोपऱ्यात. पदव्या डावीकडे वर घेऊ म्हटलं, तर म्हणाले, मग नाव कुठे? त्यांनाही परत पाठवलं, पण निर्णय बदलला नाही.

तुझा खंबीर
दादा

ता. क. रविवारी येऊन जा. वहिनीला भेटायला आलीस असं सांग आणि हळूच ‘आता’ दाब. मी तोवर फाटकाशी उभा राहीन. मला भीती वाटते गं. मशीन गेलं तर ते तुझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी वहिनीने पत्र वाचलं. महिन्यापूर्वी मी शाळेची पाटी बसवायला गेलो होतो, त्याच दिवशी तिने स्टिकर सोलून ‘आता’ दाबलं होतं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून स्टिकर होता तिथे परत चिकटवला होता. म्हणजे महिनाभर मशीन नव्या सिस्टिमवरच कापतंय. स्टिकर काढला, खाली काहीच नाही. डॉक्टरांना निरोप धाडलाय. चष्मा आहे तोच ठेवतो. तुला यायला आता काही कारण उरलं नाही. तरी ये.