बारा थरांचा गोळा

११ सप्टेंबर
आतषबाजीच्या एका गोळ्याची आजवरची खरी किंमत: खाकी कागद चार ताव, मैद्याची खळ तीन वाट्या, सात दिवस, आणि सुमेधाचे तीन फोन. हात खळीत असले की घेता येत नाही. चौथ्यांदा लेक करत नाही. आईवर गेलीय.
अन्वरभाईच्या शेडमध्ये आज पाचवा थर. बारूद भरणं त्याचं, लायसन्स त्याचं. वरचा कागद तेवढा माझा. हौस. घरी बसून तरी भिंतींशी काय बोलणार.

१५ सप्टेंबर
पाऊस हटत नाही, थर वाळत नाही. बोटाच्या पेराने ठोकून बघायचं: ओला असला तर थप, वाळला की टण. अन्वरभाई इथल्या ढंगात म्हणतो, "को खां, ये कान हैं कि मशीन?" म्हटलं, हबीबगंजला तीस वर्षं पंख्यांच्या मोटारी रिवाइंड केल्या. गिऱ्हाईक पंखा काउंटरवर ठेवायच्या आत बेअरिंगचं दुखणं सांगत होतो. अकोल्याहून आलो तेव्हा भांडवल एवढंच. दोन कान.
मग जोरात सांगूनच टाकलं: दसऱ्याला शंभर गोळे उडवा, माझा मी आवाजावरून ओळखीन. कागद कापणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

१९ सप्टेंबर
आठवा थर. सु.चा फोन आला तेव्हा हात धुऊन बसलो होतो, मुद्दाम.
"बाबा, कोटऱ्याचा फ्लॅट विका नि नागपूरला या. एकटे काय करता तिथे?"
"तू दसऱ्याला ये. माझा गोळा बघ. मग बोलू."
"बघते." म्हणजे नाही. हेही आईचंच.

२४ सप्टेंबर
तिकीट काढलं म्हणाली! नातीला, चिऊला, घेऊन येतेय.
नववा नि दहावा थर आजच चढवले. अन्वरभाई: "जल्दी काहे की? हर परत को उसका दिन दो." मी ठोकून दाखवला. टण. त्याने मान काही हलवली नाही.

२९ सप्टेंबर
बारावा थर. वर निळ्या पेन्सिलीने 'व' लिहिला. वसुधाचा, सु.च्या आईचा व. ती असती तर म्हणाली असती, आता म्हातारपणी फटाके!
संध्याकाळी फोन. चिऊला ताप, येणं रद्द. पाहुण्यांच्या गाद्यांना दोन दिवस ऊन दाखवलं होतं. त्या परत कपाटात.

२ ऑक्टोबर, दसरा
आपट्याची पानं आणली. द्यायची कुणाला? खालच्या चौकीदाराला दिली. त्याने खिशात घातली, विचारलं नाही कशाची.
आतषबाजी बघायला मैदानावर गेलो नाही. गच्चीवरून सु.ला फोन लावला नि हात वर धरून उभा राहिलो. चौदावा गोळा. खोल, भरीव, शेवटी किंचित घरघर.
"हा! हा माझा!"
"ऐकला बाबा! चिऊनेपण ऐकला."
फोन बंद नव्हता, तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता. शेवटी म्हणाली, "दिवाळीत येते. तुम्हाला न्यायला नाही. तुम्ही काय करता ते बघायला."

४ ऑक्टोबर
पेढे घेऊन शेडवर. अन्वरभाईने पेढा हातात धरला, खाल्ला नाही.
"काळे साब, आपका वाला अंदर से गीला था. मैंने ऊपर जाने नहीं दिया. नीचे बच्चे खड़े रहते हैं."
"आधी का नाही सांगितलंत?"
"कैसे बोलता खां? आप बेटी को बुला रहे थे."
सु.चा मेसेज आला आहे. तिकीट निघालं. चिऊ शाळेत सगळ्यांना सांगते, आजोबांचा गोळा फोनवर ऐकला. अजून उत्तर दिलेलं नाही.
गोळा मागच्या फळीवर होता. 'व' समोर. ठोकला.
थप.