चोरचोळी

बोरी, ता. ३ जानेवारी २०२५

ती. सौ. सविताताईस,
राजेश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. मोबाइलच्या उजेडानं डोकं उठतं, आणि इथं फोनवरचं बोलणं सगळ्या घराला ऐकू जातं. दिवाळीत तू मला परभणीला डॉक्टरांकडे नेलंस, त्यांनी मायग्रेन म्हणून सांगितलं, ते इथं मी कुणालाच बोलले नाही. आजारी सून गळ्यात बांधली म्हणतील, ही भीती.

मागच्या आठवड्यात फोडणीचा वास सोसेना. ओकाऱ्या झाल्या, दार लावून अंधारात पडून राहिले. सासूबाईंनी वेगळाच अर्थ लावला. लग्नाला पाच वर्षं झालीत ना. मी काही बोलायच्या आत त्यांनी शेजारच्या बायका बोलावून दिवस गेल्याची चोरचोळी केली, हिरवा खण घालून ओटी भरली. डोक्यात घण पडत होते, आणि मी खाली मान घालून बसले. बायका म्हणाल्या, पोरगी लाजायली.

आता पाळी आलीय, तीही लपवतेय. दिवस गेलेल्या बाईनं त्यांच्यासमोर गोळी कशी घ्यावी? कालचं दुखणं तसंच काढलं. ताई, मला माझीच लाज वाटते.

भाच्यांना गोड पापा. लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी राजेश्री

मानवत, ता. ८ जानेवारी

चि. सौ. राजेश्रीस,
अ. उ. आ.

शाळा बुडवायला तुझं पोट दुखायचं, तेव्हा साऱ्या गल्लीला कळायचं. आता खरं दुखतंय तर तोंड शिवून बसलीस होय? दुखणं सुरू होताच गोळी घ्यायची, उशीर केला की गुण येत नाही, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. उपास, जागरण नको, आणि हे दुखणं सांभाळत राहायचं, असंही. मग किती वर्षं लपवशील? संक्रांतीपर्यंत तू सांग, नाहीतर मी येऊन सांगते.

जिवाला जप, म्हणजे आम्हाला सगळं पावलं.
सविता

बोरी, ता. १७ जानेवारी

चि. सौ. सविताबाईस,
चतुराबाईचे अनेक आशीर्वाद.

संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका यायच्या आधी राजेश्रीनं मला सैपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. मी लय चिडले. गल्लीत तोंड कसं दाखवू म्हणाले. ती म्हणली, आई, बोला, पण हळू बोला, डोकं उठलंय. मग पाण्याचा तांब्या मी दिला, तिनं गोळी घेतली.

बायकांना सांगितलं, चूक माझी हाय, पोरीची न्हाई. त्या हासल्या, हासू द्या. खरी लाज दुसरीच हाय. ती फोनवर सांगायला जीभ उचलंना, म्हणून लिहायले. ओटी भरताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळायलं होतं, कपाळाची शीर उडायली होती. बायकांना दिसलं न्हाई. मला दिसलं होतं. पण मला नातू पाहिजे होता, म्हणून मी गव्हाची आणखी एक ओंजळ टाकली.

तिनं तो खण घडी घालून माझ्यापुढं आणून ठेवला. परत घ्यायला हात होईना. काल मीच तो तिच्या खिडकीला लावला, तिच्या डोळ्यावर उजेड येऊ नये म्हणून.

पोरीला भेटायला येत जा, माझ्यावर राग असला तरी.
चतुराबाई